कीडमुक्त

छत्तीस मुलांचे दात तपासून झाले होते आणि एकाही दातावर बोट ठेवायला जागा नव्हती. एरवी अशा दिवशी दातांच्या डॉक्टरने खुशीत असायला हवं. पण डॉ. शकुंतला बनकर हरणवाडीच्या अंगणवाडीत वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, कंबर दुखत होती, आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या हातातलं गुलाबी क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट बघून त्यांचं डोकं फिरत होतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"हे कितवं रे पाकीट आजचं?"

पोराने दोन बोटं दाखवली आणि लगेच आ केला. सांगायच्या आधीच. हल्ली सगळीच मुलं असा आ करत, न रडता, न पळता. पूर्वी एकेका पोराला आई, आत्या आणि शिपाई मिळून धरून ठेवत, तेव्हा कुठे एक दाढ दिसायची.

डॉक्टरांनी हातातला आरसा त्याच्या तोंडात फिरवला. दिसायला तो जुनाच, दांडीचा, गोल आरसा. फक्त काचेच्या मागे तांदळाएवढा कॅमेरा. टेबलावर ठेवलेल्या पाटीएवढ्या यंत्रातून बाईचा आवाज आला, "दात उत्तम. आहार उत्तम." अंगणवाडी सेविका मंदाताई लोंढे यांनी वहीत बरोबरची खूण केली. यंत्र सगळं नोंदवत असताना वही कशाला, हे विचारायचं डॉक्टरांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मंदाताईंचा वहीवर विश्वास होता.

आज बारा वाजेपर्यंत डॉक्टरांनी शेरा पाठवला की हरणवाडी जिल्ह्यातलं पहिलं कीडमुक्त गाव होणार होतं. सरपंचांनी वेशीवर लावायचा बोर्ड आधीच रंगवून आणला होता. हे गाव डॉक्टरांनीच निवडलेलं, त्यामुळे त्यांचंही नाव बोर्डावर होतं, आणि खरं सांगायचं तर आज सकाळपर्यंत त्यांना त्याचा अभिमानच वाटत होता.

वाटणार नाही तर काय. तालुक्याच्या रुग्णालयात त्यांनी अठरा वर्षं दर बुधवारी दूधदात उपटले होते. तीन-चार वर्षांची पोरं यायची, पुढचे दात काळे खुंट झालेले, गाल सुजलेले, रात्रभर रडून आवाज बसलेला. दात नुसत्या साखरेने किडत नाही. दातावर जंतू राहतात, ते साखर खातात आणि आम्ल सोडतात, आणि ते आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण विरघळवतं. पोटात असताना किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल उपाशी राहिलेलं असेल, तर ते आवरण मुळातच कच्चं बनतं आणि आम्लाला वाट लवकर मिळते. हे सगळं डॉक्टर प्रत्येक बैठकीत घसा कोरडा करून सांगत. पण बाहेर चाळीस बाया पोरं घेऊन ताटकळत असताना प्रत्येकीला एवढं सांगायला वेळ कुठून आणायचा? मग त्यांनी एक वाक्य धरलं होतं, गोड दिलं की दात किडतात. अठरा वर्षं तेवढंच सांगितलं, कधी समजावून, बहुतेक वेळा ओरडून.

सहा वर्षांपूर्वी लेप आला. पुदिन्याच्या चवीचा एक थेंब, बस. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू असत. तोंडात आम्ल तयार झालं की ते त्यावर तुटून पडत आणि त्याच्या बदल्यात दातावर खनिजाचा पातळ थर चढवत. दूधदात येताना एकदा लावला की बारा वर्षं बघायला नको. डॉक्टरांच्या बुधवारच्या रांगा आटल्या. पहिल्या रिकाम्या बुधवारी त्या खुर्चीत बसून चक्क रडल्या होत्या.

"शेवटची राहिली मॅडम," मंदाताई म्हणाल्या. "ओजस्वी. ये गं ओजू."

साडेचार वर्षांची ओजस्वी खरात भिंतीला हात लावत लावत आली. स्टुलावर चढताना दोनदा थांबली. तिने आ केला. दात असे की पुस्तकात छापावेत. यंत्र म्हणालं, "दात उत्तम. आहार उत्तम." मंदाताईंनी खूण केली.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला नाही. दात सोडून त्या पहिल्यांदाच हिरड्यांकडे बघत होत्या. हिरड्यांना रंगच नव्हता. त्यांनी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लालसर रेघ असते ती नव्हती. नखं बघितली, मधे खोलगट झालेली. दंड दोन बोटांत मावत होता.

"सकाळी काय खाल्लंस बाळा?"

"चहा-बिस्कीट."

"आणि काल रात्री?"

"चहा-बिस्कीट. आणि मम्मीने पाकीट दिलं, चटरपटर."

"भाकरी? भात? वरण?"

ओजस्वीने मान हलवली. तेवढ्यानेही दमल्यासारखी ती डॉक्टरांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"मंदाताई, हिचं वजन किती आहे?"

"वजन?" मंदाताईंनी वहीची पानं उगीच चाळली. "मॅडम, काटा नाही आता. गेल्या वर्षीच परत मागवला."

"परत मागवला म्हणजे? अंगणवाडीतून वजनकाटा परत मागवतात?"

"वरून आदेश आला. आहाराचा रकाना आता आपोआप भरतो ना. आरसा दात बघतो आणि दातांवरून आहार ठरवतो. मग काटा कशाला ठेवायचा, म्हणाले."

"कुणी काढलं हे शहाणपण?"

मंदाताईंनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे ऊन लागून पिवळा पडलेला एक तक्ता होता. त्यावर काळ्याभोर केसांच्या डॉ. बनकर एका मुलाच्या तोंडाकडे बोट दाखवत हसत होत्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दात म्हणजे मुलाच्या ताटाचा पंचनामा'.

"तुम्हीच की मॅडम," मंदाताई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच डॉक्टरांना जास्त लागलं.

खरंच होतं ते. पोषण समितीत बसून त्यांनीच सूत्र मांडलं होतं. ज्या मुलाचे दात किडलेले, त्याचं खाणं बिघडलेलं. ज्याचे दात चांगले, त्याचं खाणं चांगलं. तेव्हा ते सोळा आणे खरं होतं, कारण तेव्हा लेप नव्हता. लेप आला आणि दात आणि ताट यांचा संबंधच तुटला. सूत्र मात्र यंत्रात तसंच राहिलं, कुणी काढायचं म्हणून काढलं नाही. त्यांनीही नाही. त्या तर बोर्डावर नाव कुठल्या रंगात येणार याची चौकशी करत होत्या.

"आणि खिचडी? दहा वाजत आले. चुलीवर काही दिसत नाही."

"खिचडी मार्चपासून बंद आहे. अंडीपण बंद. गावाची सरासरी उत्तम आली, मग आपला आहार दुसऱ्या गावांना वळवला. गरज असेल तिथे आधी द्यायचं ना." मंदाताईंनी वही मिटली. "मी दोनदा सांगितलं साहेबांना, पोरं मलूल दिसतात म्हणून. ते म्हणाले, तुमचं दिसणं कुठल्या रकान्यात भरू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग उठल्या, आरसा आणि यंत्र पिशवीत टाकलं, ओजस्वीला कडेवर घेतलं आणि विचारलं, "हिची आई कुठे भेटेल?"

ओजस्वीची आई काजल गावाबाहेरच्या शेडमध्ये डाळिंबं भरायला जात असे. डॉक्टर पोरीला घेऊन शेडमध्ये शिरल्या त्या सरळ फळांच्या काट्याकडे गेल्या. क्रेट बाजूला सारला आणि पोरीला काट्यावर बसवलं. अकरा किलो दोनशे. या वयाची मुलगी सोळा-सतराची असते.

काजल हातातलं डाळिंब तसंच घेऊन धावत आली. सव्वीस वर्षांची, ओढणीने नाकापर्यंत तोंड बांधलेलं.

"काय झालं मॅडम? दात किडला का हिचा?"

"दात, दात," डॉक्टर तडकल्या. "दाताला काय धाड भरलीय. अगं, पोरीच्या अंगात रक्त नाही. अकरा किलोची आहे ती. तुला दिसत नाही? चहा-बिस्किटावर वाढवतेस पोरीला? आई आहेस का कोण आहेस?"

शेडमधल्या बायांचे हात थांबले. काजलने पोरीला काट्यावरून उचललं, रिकाम्या क्रेटांवर पोत्याची घडी टाकली आणि तिला आडवं केलं. मग ती वळली.

"मॅडम, राग मानू नका. पण तुम्हीच येऊन सांगायचात, गोड दिलं की दात किडतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तर तुम्ही चारचौघांत रडवलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात बिस्कीट बंद होतं, पार बंद. मग तुमचा लेप आला. दात किडायचे थांबले. मी म्हटलं, आता काय भीती, खाऊ दे. मी सहाला इथं येते. पाकीट हातात दिलं की ती गप बसते आणि जेवायला मागत नाही. दर महिन्याला त्या यंत्रातून बाई सांगते, आहार उत्तम. दात चांगले राहून पोरगी वाळत जाते, हे कुणी सांगितलं होतं आम्हाला?"

इतकी वर्षं डॉक्टरांनी बायांना फक्त दाताची भीती घातली होती, आणि मग ती भीती स्वतःच्या हाताने काढून घेतली होती. भीती गेल्यावर मागे काहीच उरलं नाही, कारण दुसरं काही सांगितलंच नव्हतं. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की त्यांनी तो फोनवर काढायचं ठरवलं.

जिल्ह्याचे पोषण अधिकारी दहिवले यांनी लगेच फोन घेतला. "अभिनंदन मॅडम. तुमच्या शेऱ्याचीच वाट बघतोय."

"दहिवले, इथे एक मुलगी आहे. अकरा किलो दोनशे. बाकीची पोरंही काही धड दिसत नाहीत. मला या गावाची खिचडी परत सुरू करून हवी आहे, आजच्या आज."

"वजन कशावर केलंत?"

"डाळिंबाच्या काट्यावर."

"ते ग्राह्य नाही हो. आणि माझ्या पडद्यावर तर सगळे उत्तम दिसतायत."

"पडदा गेला खड्ड्यात. मुलगी माझ्यासमोर आहे."

"मॅडम, मला कळतंय. पण आहाराचा रकाना हाताने उघडतच नाही. सूत्र बदलायला समिती बसवावी लागेल. तुमची समिती बसली होती तेव्हा किती दिवस लागले होते?"

"दोन वर्षं," डॉक्टर म्हणाल्या.

"बघा. मी काय करू?" दहिवले वाईट माणूस नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं. "एकच वाट आहे. गावात एक जरी किडलेला दात सापडला, तर गाव निरीक्षणाखाली येतं. मग शिजवलेला आहार दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होतो, काटाही परत येतो. पण दात सापडला पाहिजे. जागेवर काढलेला फोटो लागतो, जुना चालत नाही, यंत्र ओळखतं. आणि 'नाही' असा शेरा गेला, की पाच वर्षं त्या गावाची तपासणीच होत नाही. बारा वाजता खिडकी बंद होते मॅडम. तुम्ही काहीच पाठवलं नाहीत तरी ते 'नाही'च धरतं."

डॉक्टरांनी फोन ठेवला. सव्वाअकरा झाले होते. ओजस्वीला त्या आज गाडीत घालून नेणार होत्याच. रक्त चढवता आलं असतं, आठ-दहा दिवस वॉर्डात ठेवता आलं असतं. पण आठ-दहा दिवसांनी ती परत याच गावात येणार, याच बंद चुलीपाशी, आणि सकाळी सहाला आई कामाला गेल्यावर पाकिटाशिवाय तिच्या हातात काही पडणार नाही. शिवाय बाकीची सदतीस मुलं. त्यांच्या हिरड्या त्यांनी बघितल्याच नव्हत्या, नुसते दात बघितले होते.

"एक किडलेला दात," त्या पुटपुटल्या. "आयुष्यभर ज्याच्या जिवावर उठले, तोच आता कंदील घेऊन शोधायचा."

काजलने सगळं ऐकलं होतं. "तो लेप काढता येतो का? हिच्या दातावरचा काढा. एकाच दातावरचा."

गाडीत दात कोरायचं यंत्र होतं. लेप खरवडायला दहा मिनिटं पुरली असती. आणि तेवढ्यावर भागलं नसतं, दातात भोकही पाडावं लागलं असतं, चांगल्या दातात. डॉक्टर त्या विचारापाशी एक क्षण खरोखर थांबल्या. यंत्र फसलं असतं का, कुठली सुई लावायची, इथपर्यंत त्यांचं मन जाऊन आलं. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"लेप काढला तरी दात किडायला सात-आठ महिने लागतात," त्या म्हणाल्या. "तेवढे हिच्यापाशी नाहीत."

हे बोलायला नको होतं. काजल मटकन क्रेटवर बसली आणि पोरीचे पाय मांडीवर घेतले. शेडमधल्या बाया कामाला लागल्या होत्या. थोड्या वेळाने काजलने मान वर केली.

"मॅडम, फोटो लहान पोराचाच पाहिजे का?"

डॉक्टरांनी यंत्रावरचा फॉर्म उघडला. तो त्यांनीच केलेला होता. सेविकांना फार लिहावं लागू नये म्हणून मुद्दाम एकच प्रश्न ठेवला होता. 'गावात किडलेला दात आढळला का? हो / नाही.' त्यांनी तो दोनदा वाचला. कुणाचा ते लिहिलंच नव्हतं.

काजलने तोंडावरची ओढणी सोडली. फळांच्या धुळीसाठी बांधली असेल असंच डॉक्टरांना वाटलं होतं. पण ती सोडताना शेजारच्या बाईने नजर वळवली, त्यावरून त्यांच्या लक्षात आलं, की ही ओढणी घरीही सुटत नसणार.

"बघा," काजल म्हणाली आणि आ केला.

दाढा मुळापर्यंत काळ्या होत्या. दोन नव्हत्याच. एकीतून पू येत होता, आणि या दुखण्यावर ती रोज सकाळी सहापासून उभी राहून डाळिंबं भरत होती. समोरचे दात जागेवर होते, पण त्यांच्यावर आडव्या खाचा होत्या, एकाखाली एक. त्या खाचा डॉक्टरांना वाचता येत होत्या. दात हिरडीच्या आत घडत असताना मूल उपाशी राहिलं, की तेवढ्यापुरतं दाताचं काम थांबतं आणि तिथे खाच राहते. काजलच्या दातांवर तीन खाचा होत्या. पहिली दुसऱ्या वर्षाची असावी.

"तुझं नाव जाईल यात," डॉक्टर म्हणाल्या. "गावाला कळेल. बोर्ड तुझ्यामुळे गेला म्हणतील."

"म्हणू देत. लग्न झाल्यापासून या तोंडाने हसले नाही मी. आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. काढा तुम्ही फोटो."

डॉक्टरांनी आरसा तिच्या तोंडात फिरवला. यंत्र त्याच गोड आवाजात म्हणालं, "किडलेले दात नऊ. आहार चिंताजनक. गाव निरीक्षणाखाली घेण्यात येत आहे." मागोमाग दहिवल्यांचा फोन वाजायला लागला. डॉक्टरांनी तो वाजू दिला.

"येईल का खिचडी?" काजलने विचारलं.

"उद्यापासून. ही बरी होऊन आली की हिलाही मिळेल. आणि ती दाढ मी आज काढणार आहे, चल माझ्याबरोबर. दोघींनाही नेते." डॉक्टर ओजस्वीला उचलायला वाकल्या, तेवढ्यात यंत्राने पुन्हा आवाज दिला. 'हो' गेल्यावर आणखी एक रकाना उघडला होता. तो भरल्याशिवाय शेरा पक्का होणार नव्हता, आणि बाराला दहा मिनिटं होती. रुग्णाचा लहानपणीचा आहार. खाली तीन पर्याय होते, गोड जास्त, गोड मध्यम, गोड कमी.

"लवकर सांग काजल. लहानपणी काय खायचीस? गोड किती?"

"गोड?" काजल पहिल्यांदा हसली आणि हसताना तिने तोंड झाकलं नाही. "गोड कुठलं आलंय मॅडम. आई मजुरीला जायची, ती दिवस मावळल्यावर यायची. दुपारी आम्ही पाणी पिऊन झोपायचो. ती आली की कधी भाकर, कधी काळा चहा."

डॉक्टरांचं बोट तिन्ही पर्यायांवरून फिरलं आणि तसंच हवेत राहिलं. काजल त्यांच्या खांद्यावरून यंत्रात डोकावली. तिला वाचता येत होतं. तिने तिन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"मग मॅडम," तिने विचारलं, "उपाशी होते, हे यात कुठं लिहायचं?"